पोटावर छेद न घेता पित्ताशय काढण्याचे प्राण्यांवरील प्रयोग कसे वाचावेत

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि सर्जननी शस्त्रक्रिया सुचवली की घरातले कोणीतरी मोबाइलवर शोधाशोध करतेच. त्यात कधी ना कधी ‘पोटावर एकही छेद न घेता पित्ताशय बाहेर’, ‘डुकरांवरील प्रयोग यशस्वी’ अशा मथळ्याची बातमी किंवा एखाद्या शोधनिबंधाचा सारांश हाती लागतो आणि ‘नवीन पद्धत येईपर्यंत थांबू या का’ अशी चर्चा सुरू होते. पुढील मार्गदर्शन अशा वाचकासाठी आहे. वैद्यकीय पदवी नसली तरी असा निबंध बऱ्यापैकी समजून घेता येतो. मात्र तो सारांशातल्या यशाच्या आकड्यापासून वाचायला घेतला तर हमखास दिशाभूल होते. या प्रयोगांमध्ये पित्ताशय काढता येते, हे फार लवकर सिद्ध झाले. घोडे अडले ते पित्ताशयापर्यंत पोहोचण्यासाठी एका निरोगी अवयवाला पाडलेले छिद्र भरवशाने बंद करण्यापाशी. म्हणून वाचनाची सुरुवात त्या छिद्रापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्या दुर्बिणीची गोष्ट चालली आहे?

आपल्याकडे पोटाच्या किमान तीन निरनिराळ्या उपचारांना सरसकट ‘दुर्बिणीने केले’ असे म्हटले जाते आणि बातमी वाचताना पहिला घोटाळा तिथेच होतो. पहिला उपचार म्हणजे लॅपरोस्कोपी. बेंबीपाशी आणि बरगड्यांखाली पाच ते दहा मिलिमीटरची साधारण चार छिद्रे घेतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि कॅमेरा व ताठ, लांब अवजारे आत घालून पित्ताशय यकृतापासून सोडवतात. पित्ताशय काढण्याची आजची सर्वमान्य पद्धत हीच आहे. दुसरा उपचार ईआरसीपी. त्यात तोंडावाटे एंडोस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली लवचीक नळी, लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि पित्तनलिकेचे तोंड किंचित कापून नलिकेत अडकलेला खडा काढतात. ‘माझे खडे तोंडातून काढले’ असे सांगणाऱ्या नातेवाइकाचे बहुधा हेच झालेले असते. त्याचे पित्ताशय या उपचारात जागच्या जागीच राहते आणि पुष्कळदा नंतर ते लॅपरोस्कोपीने काढावे लागते.

आपल्याला हवा आहे तो तिसरा प्रकार. यात एंडोस्कोप तोंडावाटे जठरात, गुदद्वारातून मोठ्या आतड्यात किंवा योनिमार्गात नेतात, तिथल्या भिंतीला आतून छिद्र पाडून पोटाच्या पोकळीत शिरतात, पित्ताशय सोडवतात आणि आल्या वाटेने बाहेर आणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून सर्जन मंडळी याला ‘नोट्स’ म्हणतात. बातमीत ‘एंडोस्कोपिक’ एवढेच लिहिले असेल तर शरीरात नेमके कुठून शिरले आणि पित्ताशय पूर्ण काढले की नुसते खडे काढले, या दोन गोष्टी मूळ निबंधात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णाच्या सुजलेल्या पित्ताशयातून जठरात किंवा लहान आतड्यात नळी बसवून पू वाहून जाऊ देणे, हा आणखी एक एंडोस्कोपिक उपचार आहे. तो उपयुक्त आहे, पण त्यात पित्ताशय काढले जात नाही.

ही कल्पना कुठून आली?

पार्श्वभूमी थोडी ठाऊक असली की नव्या निबंधाची जागा लवकर कळते. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. १९८५ साली जर्मनीतल्याच ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूहे यांनी ती लॅपरोस्कोपीने केली आणि १९८७ मध्ये फ्रान्समधील लियों शहरात फिलिप मूरे यांनी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ही पद्धत वणव्यासारखी पसरली. भारतात ती १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी सुरू केली. या प्रसाराची किंमतही मोजावी लागली. उघड्या शस्त्रक्रियेत हजारी एक-दोन रुग्णांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होत असे. लॅपरोस्कोपीच्या सुरुवातीच्या काळात हे प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले. पद्धत आधी पसरली आणि तिचे धोके नंतर मोजले गेले, ही आठवण पुढच्या पिढीतल्या संशोधकांच्या मनात ताजी होती.

म्हणूनच २००४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधील अँथनी कॅलू आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या जठरातून एंडोस्कोप पोटाच्या पोकळीत नेऊन यकृताचा नमुना घेतल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा उत्साहाबरोबर सावधगिरीही दिसली. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीमध्ये जी. व्ही. राव आणि डी. नागेश्वर रेड्डी यांनी साधारण त्याच सुमारास माणसाचे अपेंडिक्स जठरावाटे काढून दाखवले होते. अमेरिकेतील सर्जन आणि एंडोस्कोपी करणारे पोटविकारतज्ज्ञ यांच्या दोन संघटनांनी एकत्र बसून, माणसावर सर्रास वापर करण्याआधी कोणत्या अडचणी सुटल्या पाहिजेत त्यांची यादीच तयार केली: पोकळीत सुरक्षित प्रवेश, छिद्र बंद करणे, जंतुसंसर्ग, आतून टाके घालण्याचे साधन, दिशाभान, रक्तस्राव थांबवणे, प्रशिक्षण. २००५-०६ च्या सुमाराची ती यादी मी आजही हाताशी ठेवतो, कारण नवा निबंध तिच्यातली नेमकी कोणती अडचण सोडवतो, असे विचारले की निम्म्या निबंधांचा दावा आपोआप आकसतो.

छिद्र कसे बंद केले?

आता मुख्य मुद्दा. जठराची भिंत किंवा मोठ्या आतड्याची भिंत ही शरीराच्या दृष्टीने कडेकोट सीमा असते. तिच्या एका बाजूला अन्न, आम्ल आणि जंतू, तर दुसऱ्या बाजूला निर्जंतुक पोकळी. एरवी या भिंतीला भोक पडले तर ती आणीबाणी समजून रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेला नेतात; इथे सर्जन ते भोक जाणूनबुजून पाडतो. मग ते शंभरातल्या शंभर रुग्णांत पाणी झिरपणार नाही असे बंद व्हायला हवे. नव्व्याण्णव पुरेसे नाहीत, कारण उरलेल्या एकाला पोटाच्या आवरणाचा जंतुदाह होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. हा धोका अशा आजारासाठी पत्करायचा आहे, ज्यावर चार छोट्या छिद्रांचा चांगला इलाज आधीपासून उपलब्ध आहे.

२००६ साली बोस्टनमधील एका गटाने प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे. पाच डुकरांमध्ये गुदद्वारातून एंडोस्कोप नेऊन, मोठ्या आतड्याच्या पुढच्या भिंतीतून बाहेर पडून पित्ताशय काढले. पाचही वेळा पित्ताशय निघाले. आतड्याचे छिद्र एंडोस्कोपच्या धातूच्या चिमट्यांनी आणि फासांनी बंद केले, आणि प्राणी चौदा दिवस जगवून पाहायचे ठरले. चार प्राणी चांगले राहिले, त्यांचे वजनही वाढले. पाचव्यात जंतुदाहाची लक्षणे दिसल्याने त्याला अठ्ठेचाळीस तासांनी मारावे लागले; छिद्र पुरते बंद झाले नव्हते. मथळा करणारा याच प्रयोगावरून ‘शंभर टक्के यश’ असे लिहू शकतो, कारण पित्ताशय पाचपैकी पाच निघाले. रुग्णाच्या बाजूने वाचणाऱ्याने मात्र पाचपैकी एक प्राणी गेला, असे वाचायचे असते. संशोधकांनी यातले काही दडवलेले नाही. शंभर टक्के आणि पाचात एक, हे दोन्ही आकडे एकाच निबंधातून निघतात. कोणता आकडा वर घ्यायचा हे वाचणाऱ्यावर आहे.

तेव्हा निबंधाच्या ‘पद्धती’ या भागात जाऊन छिद्र बंद करण्याबद्दलची वाक्ये शोधावीत. नुसते चिमटे वापरले असतील तर ते बहुधा आतल्या अस्तराच्या कडा जुळवतात, भिंतीची पूर्ण जाडी जुळवतातच असे नाही. पूर्ण जाडीचे टाके घालणारे साधन असेल तर ते अधिक भरवशाचे. बंद केल्यावर गळतीची चाचणी केली का, म्हणजे हवा किंवा रंगीत द्रव दाबाने भरून पाहिला का, हेही पाहावे. प्राण्याला आधी किती वेळ उपाशी ठेवले, कोणती प्रतिजैविके दिली, जठर धुऊन घेतले का, आणि शेवटी विच्छेदन करून पोकळीत पू किंवा चिकटलेली आतडी आढळली का, एवढ्या तपशिलाची अपेक्षा ठेवावी. यांतले काहीच लिहिलेले नसेल, तर उरलेला निबंध कितीही देखणा असो, त्यावरून आपल्या उपचाराचा विचार करण्यात अर्थ नाही.

या मुद्द्याचे महत्त्व पुढच्या घटनांनीच अधोरेखित केले. डुकरांवरचे सुरुवातीचे प्रयोग प्रामुख्याने जठर आणि मोठे आतडे या वाटांचे होते, पण माणसांत टिकली ती योनिमार्गाची वाट. २००७ साली ब्राझील, न्यूयॉर्क आणि स्ट्रासबूर्ग येथील गटांनी काही आठवड्यांच्या अंतराने या वाटेने स्त्रियांचे पित्ताशय काढले; अशा शस्त्रक्रियांच्या जर्मनीतील राष्ट्रीय नोंदवहीतही पुढे बहुसंख्य नोंदी याच वाटेच्या झाल्या. कारण साधे आहे. योनिमार्गाच्या मागच्या भिंतीतून पोटात जाणे स्त्रीरोगतज्ज्ञ कितीतरी दशके करत आले आहेत, आणि तिथले छिद्र डोळ्यांनी पाहून नेहमीच्या टाक्यांनी बंद करता येते. जी भिंत शिवणे सोपे, तीच वाट चालू राहिली. अर्थात ही वाट पुरुषांना उपलब्ध नाही, आणि तिच्याबद्दल अनेक स्त्रियांच्या मनात संकोच आणि शंका असतात. त्यांचा आदर ठेवूनच डॉक्टरांनी हा विषय काढायला हवा.

डुकराचे पित्ताशय आणि आपले

डुक्कर का निवडतात, हा प्रश्न योग्य आहे. प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला (रॅट) पित्ताशय नसते, घोड्यालाही नसते. डुकराचे यकृत, पित्ताशय आणि एकूण आकारमान माणसाच्या बऱ्यापैकी जवळ जाते, आणि तीस ते पन्नास किलोच्या प्राण्यात माणसासाठी बनवलेला एंडोस्कोप तसाच वापरता येतो. लॅपरोस्कोपी शिकणाऱ्या सर्जनांनी जगभर याच प्राण्यावर हात बसवला.

पण प्रयोगशाळेतले डुक्कर तरुण आणि निरोगी असते. त्याच्या पित्ताशयात खडे नसतात, भिंत पातळ असते, आजूबाजूला चरबीचे थर नसतात आणि वर्षानुवर्षे येऊन गेलेल्या दुखण्यांमुळे चिकटून बसलेली आतडी नसतात. शस्त्रक्रियेला येणाऱ्या माणसाचे चित्र नेमके उलटे असते. पन्नाशीची, मधुमेह असलेली, दोनदा तीव्र दुखून गेलेली व्यक्ती घ्या: पित्ताशयाची भिंत जाड झालेली, ते यकृताला घट्ट धरलेले, आणि पित्ताशयाची नलिका मुख्य पित्तनलिकेला जिथे मिळते तो त्रिकोण सुजेने व चरबीने भरलेला. सर्जनची खरी कसोटी या त्रिकोणात असते. स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली घालून दिलेला दंडक आजही पाळला जातो: त्रिकोणातील चरबी व तंतू पूर्ण साफ करावेत, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवावा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, फक्त दोनच, रचना स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापू नये. त्या दोन म्हणजे पित्ताशयाची नलिका आणि त्याची धमनी.

म्हणून निबंध वाचताना शोधायचे ते असे की, एंडोस्कोपमधून हे दृश्य मिळाले का, आणि ते छायाचित्रासह दाखवले आहे का. लॅपरोस्कोपीत एक हात पित्ताशय वर ओढून धरतो, दुसरा ताणतो, तिसरा सोडवतो, आणि कॅमेरा वेगळ्या कोनातून पाहतो. एंडोस्कोपमध्ये अवजारे कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून, दोन-चार मिलिमीटरच्या मार्गिकांमधून, त्याच दिशेने बाहेर येतात. त्यामुळे ओढणे आणि कापणे एकमेकांच्या आड येते. शिवाय जठरातून पोकळीत आलेल्या एंडोस्कोपला यकृताकडे जाण्यासाठी उलटे वळावे लागते, आणि त्या वळणात लवचीक नळीचा जोर बराचसा वाया जातो. सुरुवातीच्या प्रयोगकर्त्यांनी एकाच वेळी दोन एंडोस्कोप वापरून पाहिले, कोणी पोटाच्या भिंतीतून एक चिमटा घातला.

यातूनच ‘शुद्ध’ आणि ‘संमिश्र’ असा फरक येतो. पोटाची त्वचा अजिबात न छेदणारी पद्धत शुद्ध. पोटावरून निदान एक अवजार घालणारी संमिश्र. स्ट्रासबूर्गमध्ये २ एप्रिल २००७ रोजी जाक मारेस्को यांच्या गटाने केलेली, ‘व्रणाविना शस्त्रक्रिया’ म्हणून गाजलेली शस्त्रक्रियाही दोन मिलिमीटरच्या एका सुईच्या साहाय्याने झाली होती; तिच्यातून वायू भरला, दाब मोजला आणि पित्ताशय थोडे उचलूनही धरले. यात कमीपणा काही नाही. उलट रुग्णाच्या सुरक्षेसाठी तेच शहाणपणाचे होते. परंतु बातमीत ‘एकही छेद नाही’ आणि निबंधात ‘एक पोर्ट’ (अवजारासाठी पोटावर घेतलेले छिद्र) असे आढळले, तर निबंधावर विश्वास ठेवावा.

किती प्राणी, किती दिवस?

प्राण्यांवरचे हे प्रयोग दोन प्रकारचे असतात. पहिल्यात भुलेखालीच सगळे करून प्राण्याला जागे न करता मारतात. त्यातून पद्धत शक्य आहे एवढेच कळते. दुसऱ्यात प्राण्याला शुद्धीवर आणून एक-दोन आठवडे जगवतात. गळती, पू, ताप या गोष्टी कळतात त्या दुसऱ्याच प्रकारात, म्हणून ‘यशस्वी’ हा शब्द कोणत्या प्रकाराला लावला आहे ते पाहावे. वाढत्या वयाच्या डुकराचे वजन वाढले, यावरून ते आजारी पडले नाही इतपत अनुमान ठीक आहे. पित्तनलिकेला झालेल्या इजेतून नलिका आकसू लागली, तर ते कळायला महिने लागू शकतात. चौदा दिवसांच्या निरीक्षणात ते दिसणार नाही.

संख्येबाबत एक सोपा हिशेब हाताशी ठेवावा. एखाद्या प्रयोगात गंभीर गुंतागुंत शून्य आली, तर तिचे खरे प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकेल याचा अंदाज, तीनला प्रयोगांच्या संख्येने भागले की मिळतो. वीस डुकरांत एकही गुंतागुंत झाली नाही, तरी खरे प्रमाण पंधरा टक्क्यांपर्यंत असण्याला वाव उरतो. लॅपरोस्कोपीत मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण आज साधारण दोनशे-तीनशे रुग्णांत एक असे धरले जाते. नवी पद्धत याबाबतीत निदान तितकी सुरक्षित आहे असे म्हणायचे, तर एकही इजा न होता किमान सहाशे शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. सहाशे डुकरांवर प्रयोग कोणी करणार नाही, करूही नये. त्यामुळे प्राण्यांवरच्या प्रयोगातून सुरक्षिततेचा शेवटचा निवाडा होऊच शकत नाही. साधन चालते का, ढोबळ दोष कोणते आणि माणसावर पहिले पाऊल टाकणे रास्त आहे का, इतकेच त्याचे काम. ते काम चोख झाले असेल तर निबंध चांगला.

तुलना नेमकी कशाशी?

पुष्कळ निबंधांत तुलनेचा गटच नसतो. जिथे असतो, तिथे नवी पद्धत कशाच्या शेजारी उभी केली आहे ते पाहावे. आजच्या लॅपरोस्कोपीनंतर बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागतात. तीन मिलिमीटरच्या बारीक अवजारांनी व्रण आणखी लहान करता येतात. मोठ्या उभ्या छेदाशी तुलना करून ‘वेदना कितीतरी कमी’ असे लिहिले असेल, तर ती १९८५ पूर्वीच्या जगाशी केलेली तुलना आहे. शस्त्रक्रियेला लागणारा वेळही तपासावा. लॅपरोस्कोपीत तासाभरात आटोपणारे काम नव्या पद्धतीत तीन तास चालत असेल, तर भूलही तितकाच वेळ द्यावी लागते.

दिसायला सुबक पद्धतीचा हिशेब कधीकधी वर्षभराने चुकता होतो. बेंबीतल्या एकाच छेदातून सगळी अवजारे घालण्याच्या लॅपरोस्कोपीचे उदाहरण घ्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, दोनशे रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत एकाच छेदाच्या गटातील रुग्ण व्रणाच्या दिसण्यावर अधिक खूश होते; पण वर्षअखेर त्यांच्यात बेंबीपाशी हर्निया होण्याचे प्रमाण ८.४ टक्के निघाले, तर चार छिद्रांच्या गटात १.२ टक्के. माणसांवर नीट चाचणी केली म्हणून हे कळले. डुकरांत ते कळले नसते, कारण बेंबीवरचा ताण, वजन, खोकला, बाळंतपणे या गोष्टी त्यांच्यात माणसासारख्या नसतात.

तरीही हे सारे प्रयोग वाया गेले, असा निष्कर्ष काढू नये. छिद्र बंद करण्याच्या अडचणीतूनच एक सुंदर युक्ती निघाली: भिंतीला सरळ भोक न पाडता आतल्या अस्तराखालून बोगदा करायचा आणि स्नायूवरचे काम बोगद्याच्या दूरच्या टोकाशी करायचे, म्हणजे वरचे अस्तर झाकणासारखे बसते. जठराच्या तोंडाशी अन्ननलिकेचा स्नायू सैल न होणाऱ्या आजारावर ही युक्ती २००७ साली डुकरांत वापरली गेली, २००८ मध्ये जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी ती माणसांवर वापरायला सुरुवात केली, आणि आज हा उपचार भारतातही नियमित होतो. पित्ताशयासाठी सुरू झालेल्या खटाटोपाचा लाभ प्रत्यक्षात गिळता न येणाऱ्या रुग्णांना झाला.

परवानगीचा परिच्छेद

हा परिच्छेद लहान असतो, पण वगळू नये. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे. संस्थेची स्वतःची नैतिक समिती असावी लागते, आणि डुकरासारख्या मोठ्या प्राण्यासाठी केंद्रीय समितीची मान्यता घ्यावी लागते. निबंधात मान्यता, भूल, वेदनाशामके आणि प्राण्याला कोणत्या लक्षणांवर मारायचे याचे निकष लिहिलेले असावेत. ज्या गटाने वेदनाशामकांची नोंद ठेवली नाही, त्याने वेदना कमी झाल्याचा दावा करू नये, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

वाचून झाल्यावर काय करावे?

खड्यांचा त्रास होत असेल, म्हणजे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन ती तासन्‌तास टिकत असेल, तर प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या भरवशावर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. ताप, कावीळ किंवा पाठीकडे जाणारी असह्य कळ असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण खडा पित्तनलिकेत सरकून स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. उलट सोनोग्राफीत योगायोगाने खडे सापडले आणि त्रास कधीच झाला नसेल, तर बहुतेकांना कोणत्याच पद्धतीच्या शस्त्रक्रियेची घाई नसते. त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

एखाद्या रुग्णालयाने नवी एंडोस्कोपिक पद्धत सुचवली, तर ती नित्याचा उपचार म्हणून देत आहेत की चाचणीचा भाग म्हणून, हे सरळ विचारावे. चाचणी असेल तर २००७ पासून सुरू असलेल्या भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत ती नोंदलेली असायला हवी. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच वाटू देऊ नये. संमतिपत्र मराठीत मागावे आणि घरी आणून वाचावे. छिद्र कोणत्या भिंतीला पडणार आणि कशाने बंद होणार, या सर्जनने स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांतल्या किती मध्येच लॅपरोस्कोपीकडे वळवाव्या लागल्या, गळती झाल्यास रात्री दोन वाजता कोण हजर असेल, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा, एवढे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मध्येच लॅपरोस्कोपीकडे वळणे हे अपयश समजू नये. दृश्य स्पष्ट नसताना थांबणारा आणि पद्धत बदलणारा सर्जनच रुग्णाच्या हिताचा.

आणखी एक, पद्धत कोणतीही असली तरी: काढलेले पित्ताशय पिशवीत घालून अखंड बाहेर काढणार का आणि ते तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे पाठवणार का, हे विचारून ठेवावे. पित्ताशयाचा कर्करोग कधीकधी असा नकळत सापडतो, आणि अरुंद वाटेने तुकडे करून काढलेल्या नमुन्यात तो ओळखणे व किती खोल गेला आहे ते सांगणे अवघड होते. तपासणीचा अहवाल साधारण आठवड्याभरात येतो. टाके दाखवायला जाल तेव्हा तो हातात घेऊनच परतावे.